हात सावळारामचे, तोंड हरिबाचं

यवतच्या अलीकडे सोलापूर रस्त्याला एक भलामोठा फलक लागलेला आहे. त्यावर हरिबा आहे. लाल फेटा, पांढऱ्या झुपकेदार मिशा, कपाळाला भंडारा आणि मांडीवर काळी घोंगडी. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय : ‘चार पिढ्या. एक माग. हरिबा आबा.’ या सहा शब्दांतला ‘हरिबा’ हा शब्द खरा आहे.

बाकीच्यांचं असं, की हरिबाच्या चार काय चौदा पिढ्यांत कुणी मागावर बसलं नव्हतं. धनगरानं लोकर कातरायची, त्याच्या बायकोनं सूत कातायचं आणि सनगरानं विणायचं, ही वाटणी कुणी कागदावर केलेली नव्हती. म्हणून तर ती टिकली. हरिबानं उभी हयात मेंढरांमागं काढली. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं, पावसाच्या आधी वर यायचं, वाटेत ज्याच्या रानात मेंढरं बसतील त्याच्याकडून दाणं घ्यायचं. पुढं रानं सरली, प्लॉटिंगच्या तारा आल्या, मुलगा शंभू कंपनीत चिकटला आणि हरिबानं कळप विकला. बायको म्हाळसा त्याच्या पुढच्याच वर्षी गेली. कालव्याखालच्या दोन एकर उसाला पाणी देणं आणि सावळाराम सनगराच्या पडवीत जाऊन बसणं, एवढी दोनच कामं त्याला उरली. त्यातलं दुसरं तो मन लावून करी. ‘आबा’ ही पदवी तर पुढं जाहिरात काढणाऱ्या इंद्रजीतनं दिलेली. गावात त्याला हरिबा, नाहीतर हरिबामामा म्हणत.

सावळाराम खरा विणकर. भांडगावात शेवटचा माग त्याच्याच घरात होता. पडवीत कमरेएवढा खड्डा, खड्ड्यात पाय सोडून तो बसे आणि चिंचोक्याच्या खळीचा वास सगळ्या घराला येई. ऐन तिशीत त्याला विषमज्वर झाला आणि तापाबरोबर दोन्ही कान गेले. तेव्हापासून तो माणसांच्या ओठांकडं बघून बोलणं ओळखायचा. हरिबाचे ओठ त्याला इतके पाठ होते, की हरिबाला आवाज काढायची गरजच पडत नसे. पडवीत चार माणसं बसलेली असली तरी हरिबा नुसते ओठ हलवून त्यातल्या एखाद्याची यथास्थित निंदा करी, आणि सावळाराम मागावरून एकदम खो-खो हसे. ज्याची निंदा झाली तोही, म्हातारा करमणुकीचा आहे म्हणून, बरोबर हसे. चाळीस वर्षांची ही मैत्री अशी बिनआवाजाची होती.

या मैत्रीत इंद्रजीत आला. इंद्रजीत म्हणजे शिरूरकडच्या हौसरावांचा मुलगा. हौसराव सोसायटीचे चेअरमन, जुने बागायतदार. त्यांच्या रानात हरिबाची मेंढरं बसलेली. मुलगा पुण्यात मार्केटिंग शिकला आणि परत येऊन त्यानं ‘मेंढवाट’ नावाचा ब्रँड काढला. पोरगा वाईट नव्हता. वडीलधाऱ्यांच्या पाया पडे आणि मनापासून पडे. त्याला घोंगडी जगभर न्यायची होती. सावळाराम एक घोंगडी आठ-दहा दिवसांत विणी. मेंढवाटच्या वेबसाइटवर ती दिवसाला शेकड्यानं खपे. मधला फरक पोलिएस्टरचा, परराज्यातून ट्रकनं येई. त्याविषयी कुणी खोटं बोललं नाही, कारण त्याविषयी कुणी बोललंच नाही.

जाहिरातीच्या शूटिंगला पुण्याहून मंडळी आली, ती सावळारामच्या पडवीत. दिवे लागले, छत्र्या उघडल्या. मग त्यांनी सावळारामकडं बघितलं. दाढी-मिशा सफाचट, जाड भिंगाचा चष्मा, अंगात मळकी बंडी आणि खाली नातवाची जुनी खाकी अर्धी चड्डी, कारण खड्ड्यात धोतर गुंतायचं.

“लूक येत नाहीये,” दिग्दर्शक बाई म्हणाल्या. “ऑथेंटिक वाटत नाहीत.”

हरिबा तेव्हा कोपऱ्यात बसून फुकटचा चहा पीत होता. बाईंची नजर फिरत फिरत त्याच्या मिशांवर येऊन थांबली.

“हे कोण?”

झालं. तासाभरात ठरलं, की हात सावळारामचे घ्यायचे आणि तोंड हरिबाचं. सावळारामला ते समजावून सांगितलं, तर त्याला राग नाही आला. कानाला ऐकू येत नसलं की माणूस जरा मोठ्यानंच बोलतो, तो ओरडून म्हणाला, “घ्या, घ्या! जल्मात कवा त्या त्वांडाचा उपेग झाला न्हाई, आता तरी हुंद्या!”

हरिबाला घोंगडी अंथरून मधोमध बसवलं आणि वाक्य दिलं : ‘ही घोंगडी मी विणली. माझ्या बापानं विणली. त्याच्या बापानं विणली.’ एकच घोंगडी तिघांनी कशी विणली, हे कुणी विचारलं नाही.

हरिबानं खालच्या घोंगडीवर हात फिरवला.

“बोला ना, आबा.”

“म्या बसलोय कशावर?”

“घोंगडीवर.”

“मग?”

पुण्याच्या मंडळींना काही उमगेना. इंद्रजीतला मात्र उमगलं. तो याच मातीतला. धनगराच्या पंचांसमोर घोंगडं अंथरलं, की त्यावर बसणाऱ्यानं खोटं बोलायचं नसतं. बोललं तर बिरोबा बघून घेतो. कोर्टातली शपथ लोक मोडतात, पण ही मोडलेली हरिबानं कधी ऐकली नव्हती.

इंद्रजीत गुडघ्यावर बसला. “आबा, तुम्ही बोलूच नका. नुसते ओठ हलवा. आवाज आपण मागनं टाकू.”

“दुसऱ्याचा?”

“दुसऱ्याचा. म्हंजी खोटं बोलला तर तो बोलला. तुमच्याकडं काय न्हाई.”

“आन् ओठ हलवून म्हनू काय?”

“काहीबी म्हणा. बाराखडी म्हणा.”

हरिबाला बाराखडी येत नव्हती. कॅमेरा सुरू झाला. समोर खड्ड्यात सावळाराम बसलेला, हाताच्या शूटिंगसाठी थांबलेला. हरिबानं त्याच्याकडं बघितलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं, आवाज न काढता, सावकाश म्हणाला, “ह्ये सावळारामनं इनलंय. म्या निस्ता बसलोय. चहा प्यायला आल्तो.”

सावळाराम असा हसला, की दिवा धरणारा दचकला. बाई म्हणाल्या, “वंडरफुल. चेहऱ्यावर काय समाधान आहे!”

जाहिरात निघाली आणि वाऱ्यासारखी पसरली. काळी घोंगडी, सावळारामचे झरझर चालणारे हात, मग हरिबाचा चेहरा आणि पुण्याच्या कुण्या नटाचा खोल, खर्जातला आवाज : ‘ही घोंगडी मी विणली...’ नटानं धनगरी हेल असा काही काढला होता, की तसं बोलताना धनगरांनी कुणाला ऐकलं नव्हतं. पण ऐकल्यावर त्यांनाही वाटलं, आपण असंच बोलत असू.

मग गाड्या यायला लागल्या. वढूला समाधीच्या दर्शनाला आलेली माणसंसुद्धा वाट वाकडी करून भांडगावात शिरत. हरिबासोबत फोटो काढत. हरिबा पहिल्या दिवसापासून खरं सांगायचा.

“म्या न्हाई वो इनत. त्यो इनतो. त्यो बगा, खड्ड्यात.”

“किती साधेपणा!” लोक एकमेकांना म्हणत. एका बाईंचे तर डोळे भरून आले. नंतर कुणीतरी त्याचा हा नकारच मोबाइलवर घेतला आणि मेंढवाटनं तो मागं बासरी लावून टाकला : ‘आबा म्हणतात, मी कोण विणणारा? विणतो तो वरचा.’ हरिबाचं बोट खरं म्हणजे खाली होतं, खड्ड्याकडं.

“मामा, आता गप बसा,” शंभूची बायको सुषमा म्हणाली. ती एमआयडीसीत पॅकिंगला होती आणि वेष्टनात काय आहे यापेक्षा वेष्टनावर काय आहे याला किती महत्त्व असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. “तुमी जितकं न्हाई म्हनाल, तितकं त्ये व्हय म्हनत्यात.”

या सगळ्यात सुखी होता तो सावळाराम. त्याला आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून त्याच्यापुरती जाहिरात शंभर टक्के खरी होती. रंगुबाईनं, त्याच्या बायकोनं, मोबाइल लावून दिला की तो मागावर बसल्या बसल्या बघे. आधी आपले हात. मग हरिबाचं तोंड, आणि त्या तोंडात आपलं नाव. साऱ्या मुलखाच्या मोबाइलवर हरिबा ‘सावळारामनं इनलंय’ म्हणतोय. आलेल्या-गेलेल्याला तो हाक मारून दाखवी, “बगा, बगा, माजं नाव घेतंय!” लोक खर्जातला आवाज ऐकत आणि माना डोलावत. बहिऱ्या माणसाला खोडून काढायचं तरी कसं?

हरिबानंही खोडलं नाही. त्याचं सगळं समाधान तेवढ्या एका गोष्टीवर उभं होतं. मुलुख फसला तर फसला. ज्याचं नाव घ्यायचं त्याला ते पोचलंय. आजवर कधी कोर्टात, कागदावर किंवा फलकावर सावळारामचं नाव आलं नव्हतं. ते हरिबाच्या ओठांवर आलं होतं, आणि वाचणारा एकच असला तरी तो नेमका वाचणारा होता.

हे चार महिने चाललं. मग लोकांच्या लक्षात यायला लागलं. जाहिरातीखाली कुणी लिहिलं, ‘ओठ वेगळे, आवाज वेगळा.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘म्हातारा काहीतरी दुसरंच बोलतोय. सगळं फेक आहे.’ तिसऱ्यानं हरिबाचे ओठ मोठे करून, गोल आखून दाखवले. पोलिएस्टरच्या घोंगडीबद्दल कुणी ब्र काढला नाही. चार पिढ्यांबद्दल नाही, नटाच्या हेलाबद्दल नाही. सबंध जाहिरातीत जी एक गोष्ट खरी होती, तीच लोकांनी खोटी म्हणून पकडली.

इंद्रजीतनं तातडीनं दुरुस्ती केली. पुण्याच्या एजन्सीनं एआयवर हरिबाचे ओठ आवाजाशी जुळवून दिले. मराठीत तर दिलेच, शिवाय हिंदी, कन्नड, तेलुगू, इंग्रजीतही. ज्याला बाराखडी येत नव्हती तो पाच भाषांत अस्खलित बोलू लागला. जुनी जाहिरात सगळीकडून काढून टाकली. हरिबाला हे कुणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

हरिबा त्या दिवशी उसाला पाणी देऊन नेहमीसारखा पडवीत गेला, तर माग बंद. सावळाराम खड्ड्याच्या काठावर मोबाइल धरून बसलेला. थंडीपासून त्याला धाप लागायची. लोकरीची कुसं छातीत बसली होती, असं डॉक्टर म्हणाले होते. पण आज तो नुसता दमलेला दिसत नव्हता.

“ह्ये काय म्हनलास?” त्यानं मोबाइल पुढं केला.

हरिबानं बघितलं. त्याचंच तोंड. त्याच्याच मिशा. आणि त्याचे ओठ स्पष्ट, ठासून म्हणत होते : मी विणली. माझ्या बापानं विणली.

“आरं, म्या न्हाई म्हनलो ह्ये!”

“ओठ कुनाचं हायती?”

“माजंच. पन म्या—”

“चाळीस वरसं वाचतोय म्या ह्ये ओठ. दुसऱ्याचं असतं तर म्हनलो असतो, चुकलं आपलं वाचनं.” सावळाराम ओरडत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलत होता. “पयल्या जाह्यरातीत माजं नाव घेतलंस. आता परत बसलास आन् बदलून दिलंस. मला इचारलं असतंस तर म्या सोता म्हनलो असतो, घे बाबा, तू इनलंस. घोंगडीवर बसून तरी म्हनायचं न्हाईस.”

“बिरोबाच्यान! कम्प्युटरनं केलंय!”

सावळारामनं हरिबाच्या ओठांकडं नीट बघितलं. मग मोबाइलमधल्या ओठांकडं. दोन्ही सारखेच होते. आवाज बदलतो, आवाजाचं काही खरं नसतं, म्हणून तो त्यानं कधीच सोडून दिला होता. त्याच्या लेखी माणूस म्हणजे त्याचे ओठ. कम्प्युटर माणसाचे ओठ हलवतो, यावर त्यानं विश्वास ठेवायचा तर मग त्याला जगात ऐकायला काही उरलंच नसतं.

त्यानं डोळे मिटून घेतले. बाकी कुणाशी भांडण झालं तर दाराआडून, भिंतीपलीकडून ओरडून तरी सांगता येतं. सावळारामनं डोळे मिटले, की त्याच्याशी बोलायची सोयच संपत होती. हरिबा बराच वेळ त्याच्यासमोर ओठ हलवत बसला.

दुसऱ्याच दिवशी हरिबा एसट्या बदलत शिरूरला गेला. इंद्रजीतनं उठून पाया पडून चहा मागवला.

“जुना व्हिडिओ दे, दादा. मला एकाला दाखवायचाय.”

“तो तर डिलीट केला, आबा. आपल्यालाच फेक म्हणायला लागले होते.”

“त्योच खरा हुता.”

इंद्रजीत हसला. मग हरिबाचं तोंड बघून हसायचा थांबला. त्याला सगळं सांगितल्यावर तो खरोखर कळवळला. त्यानं एजन्सीला फोन लावला. एजन्सीनं सांगितलं, की जुन्या फायली दर तिमाहीला काढून टाकतात. “आपण असं करू, आबा,” इंद्रजीत म्हणाला, “एआयवर तुमच्या तोंडी सावळारामकाकांचं नाव घालून देतो. दोन दिवसांत. अगदी हुबेहूब.”

हरिबानं चहा तसाच ठेवला. पोरगा चांगल्या मनानंच म्हणत होता, त्यामुळं त्याला शिवीही देता येईना.

“मग माजं नाव काढ त्यातनं. म्या न्हाई येनार हितनं पुडं.”

“तुम्ही यायची गरजच नाही, आबा,” इंद्रजीत त्याला धीर देत म्हणाला. “दिवाळीची जाहिरात तयार पण झालीय. तुम्ही फार छान बोललाय.”

त्या आठवड्यात सुषमानं ड्युटीवरून आल्यावर एकच काम केलं. जिला जिला जाहिरात पाठवली होती तिला तिला फोन. कुणाचं स्टेटस होतं, ते एका दिवसात उडालं होतं. कुणाचा मोबाइल बदलला होता. कुणाकडं नुसती धुरकट चौकट होती. दाबलं की मोबाइल सांगे, फाइल मिळत नाही, पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवा. पाठवणारी सुषमाच होती, आणि तिच्या मोबाइलमधून ती कधीच पुसली गेली होती. अखेर तिच्या मावशीच्या नणंदेकडं, कर्जतला, एक सापडली.

“हाय, मामा! जरा पुसट हाय, पन जुनीच हाय. बगा, ओठ वेगळं, आवाज वेगळा!”

हरिबा तिचा मोबाइल घेऊन चपला न घालताच निघाला.

सावळाराम तोवर अंथरुणाला खिळला होता. यवतच्या दवाखान्यातून घरी आणला होता. नाकाला नळी, उशाला ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. ते यंत्र ऐकू न येणारा घरात तो एकटाच. हरिबानं त्याच्या दंडाला हात लावला. सावळारामनं डोळे उघडले. हरिबानं काही न बोलता मोबाइल समोर धरला.

ती जाहिरात किती जणांच्या मोबाइलमधून कर्जतला पोचली होती, देव जाणे. प्रत्येकानं पुढं पाठवताना तिचा थोडा रंग, थोडी रेघ ठेवून घेतली होती. घोंगडी कळत होती. हात हलताना कळत होते. मग फेटा आला, आणि फेट्याखाली तांबूस-पांढरा एक ठिपका थरथरला. त्या ठिपक्यात कुठंतरी हरिबा खरं बोलत होता.

सावळारामनं पूर्ण बघितलं. चष्मा मागितला, रंगुबाईनं लावून दिला. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा त्यानं मोबाइल स्वतःच्या हातानं डोळ्यांशी नेला, इतका जवळ की त्याचा श्वास काचेवर उमटला.

“ह्यात त्वांडच दिसत न्हाई,” तो म्हणाला.

त्यानं मोबाइल हरिबाच्या हातात दिला. रागानं नाही; एखाद्याची वस्तू त्याला परत द्यावी तसा. आणि डोळे मिटले. त्यानंतर पाच दिवस तो होता. पाचही दिवस हरिबा उशाशी बसला. डोळे तीन-चारदा उघडले, पण ते आढ्याकडं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी रंगुबाईनं निरोप पाठवला, कातर घेऊन या. हरिबानं माळ्यावरची मेंढरं कातरायची कातर काढली, तेल दिलं आणि गेला. मागावर अर्धवट विणलेली घोंगडी तशीच ताणलेली होती. विणणारा गेला की मागावरचं अर्धं कापड तसं ठेवत नाहीत, कुणीतरी कापून काढायचं असतं. सावळारामचा मुलगा सुटी संपवून कामावर गेला होता.

हरिबा खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून उभ्या ताण्याचा एकेक धागा कापू लागला. त्याला खरोखर येणारं काम एवढंच होतं. दर कातरणीला दीडशे मेंढरं त्यानं एकट्यानं उतरवली होती. कातरीचा आवाज पडवीत भरला. रंगुबाई भिंतीला टेकून बसली होती.

“भावजी, एक इचारू?”

“इचारा, वयनी.”

“तुमी खरंच न्हाई बदलायला लावलं?”

कातर थांबली. “न्हाई.”

“पयल्यांदा त्येंचं नाव घेतलं हुतं तुमी?”

“घेतलं हुतं.”

रंगुबाईनं पदरानं तोंड पुसलं. बाहेर रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला, दारं उघडली, कुणीतरी आबांचं घर हेच का म्हणून विचारलं. दोघंही तिकडं वळले नाहीत.

“मला पटतंय,” ती म्हणाली. “पन मला पटून काय उपेग?”

हरिबानं उरलेले धागे कापले. कापड सुटून त्याच्या गुडघ्यावर पडलं, हातभर लांबीचं, खळीनं अजून ताठ.

“कुठं ठिवू?” त्यानं विचारलं.